भाकरीचा चुरा

खोलीवरच्या गड्यांनो, सगळ्यांनी मिळून वाचा. रजेवर कोल्हारला आलोय, पन परत गिरणीत कधी येतो असं झालंय. जीव थकलाय.

माझ्या धाकट्या भावाला, बबनला, फेफरं येतं हे तुमाला ठाऊक हाय. औषधं लागू पडेनात, तवा नगरच्या डॉक्टरीणबाईंनी भाकरी, भात, गूळ समदं बंद केलं. नुसतं लोणी, तूप, अंडी. तवापासून फेफरं थांबलंय. भाकरी पोटात गेली तर परत येईल, असं बाईंनी बजावलंय. घरातलं समदं तूप त्याला, आमी कोरडं खातो.

आज दुपारी शेजारची सखूकाकू आली. "तुपात लोळतोस की रं राजा!" म्हनाली.

बबन म्हनाला, "काकू, तूप तू घे. मला भाकर दे."

तिला दया आली. माझी पाठ वळताच तिनं तुकडा दिला. मी धावलो, त्याच्या तोंडात बोट घालून घास काढला.

काकू भडकली, "कसाई हायेस का रं?"

बबन रडला न्हाई. माझा हात धरून म्हनाला, "दादा, बोटाला चुरा लागलाय. तेवढा चाटू?"

मी रांजणापाशी जाऊन हात धुतला. गड्यांनो, तुमी चाटू दिलं असतं का?