मामीचं कार्ड आणि तिचा अनोळखी जोडीदार

समजा, सकाळी तुम्ही दुकानाचं शटर वर केलंत, कॉम्प्युटर सुरू केलात आणि पडद्यावर ओळ आली: ‘वापरता येईल असं ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही.’ कालपर्यंत तर होतं. डबा उघडून बघता, तर आजही आहे. त्याचा पंखासुद्धा फिरतोय. आता करा काय करायचं ते. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आणि मधूनमधून गिऱ्हाइकंही येणार आहेत.

माझ्या मामीचं घोडं त्या दिवशी असंच अडलं.

मामीचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. तो कॉम्प्युटर मामाने विमानाचे खेळ खेळायला घेतला होता. दर वेळी विमान उतरवताना तो ते पाडायचा, शेवटी कंटाळला आणि कॉम्प्युटर दुकानात आला. बिलं आणि नंबरांच्या नोंदी एवढंच काम. इतकं दांडगं कार्ड नुसतं बसून राहतं हे मामीला बघवेना. तिने ते एका संशोधनाला लावून दिलं. दुर्बिणींनी आकाशातून टिपलेल्या लहरींचे तुकडे घरोघरच्या कॉम्प्युटरांना वाटले जातात. त्यात एखाद्या गरगर फिरणाऱ्या ताऱ्याचे ठोके आहेत का ते तपासायचं आणि उत्तर परत पाठवायचं. सगळी फुकटची हौस.

एकच तुकडा दोन अनोळखी माणसांकडे जातो. दोघांची उत्तरं जुळली तरच ती धरतात. मामीच्या जोडीदाराने त्याचं उत्तर केव्हाच पाठवलं होतं. मामीचं गणित थोडंसंच राहिलं होतं आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. ती हुकली की तो तुकडा तिसऱ्याच कोणाला पहिल्यापासून करायला लागणार, आणि तोवर जोडीदाराचं उत्तर ताटकळत पडणार.

“तो काय दारात उभा आहे का तुझ्यासाठी?” तपासणीच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेला मामा म्हणाला. “चष्म्यासाठी थांबतातच ना माणसं?”

“थांबतात. पण मी सांगितलेल्या दिवशी देते.”

झालं होतं असं, की कॉम्प्युटरने आपणहून अपडेट घेतलं होतं. त्यात ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्याच, बदलला गेला होता. नव्या दुभाष्याला चित्रं दाखवता येत होती, पण गणिताची भाषा येत नव्हती. मामीने अर्धवट गणित आधी थांबवून ठेवलं, बिघडायला नको म्हणून. मग घाईघाईत कार्डाच्या कंपनीचा सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकला, संशोधनाचा प्रोग्रामही नवा घेतला, वर सेटिंगही बदललं. कार्ड सापडलं! पण करून बघायला म्हणून लावलेला दुसरा तुकडा ‘गणितात चूक’ म्हणत तिथल्या तिथे आपटला. त्यानंतरचाही. तिन्हींपैकी कशामुळे, काही पत्ता लागेना.

तेवढ्यात नंबर तपासायला निवृत्त शिक्षिकाबाई आल्या.

“अहो, उठा. तुमचं विमान उतरवा तिथून,” मामी मामाला म्हणाली.

बाईंच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवून तिने भराभर काचा घातल्या. “आता? आधीचं स्वच्छ की हे?”

“अगं, दोन्ही काचा एकदम बदलल्यास! मला काय कळणार कशाने काय झालं ते? लक्ष कुठंय तुझं?”

मामी थबकली, मग हसायलाच लागली. “चुकलं, बाई. सकाळपासून मी हेच करतेय.”

बाईंचा नंबर तिने एकेक काच बदलत शांतपणे काढला. त्या गेल्यावर कॉम्प्युटरकडेही तशीच वळली. सेटिंग पूर्वीसारखं केलं, तुकडा लावून पाहिला: चूक. प्रोग्राम जुना घातला: चूक. राहता राहिला ड्रायव्हर. अपडेटच्या आधीचा, नीट चालणारा ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये साठवलेला होता. तिने आधी इंटरनेटची वायर उपसली, नाहीतर कॉम्प्युटर पुन्हा स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर आणून बसवला असता.

“इंटरनेट गेलं गं!” आतून मामा ओरडला.

“गेलं नाही, मी काढलंय. पेपर वाचा.”

नवा ड्रायव्हर मुळापासून काढला आणि जुना बसवला. तुकडा चालू झाला आणि चालतच राहिला. मग तिने आपोआप येणारी अपडेटं थांबवली, वायर जोडली आणि सकाळी थांबवलेलं गणित जिथल्या तिथून पुढे सोडलं. पंखा घरघरू लागला, तसा मामीचा जीव भांड्यात पडला.

“सुरू झालं वाटतं तुझं जातं,” मामा म्हणाला.

शटर ओढायच्या आधी उत्तर गेलं. थोड्या वेळाने त्यासमोर शब्द उमटला: जुळलं. मामीने मामाला हाताला धरून आणलं आणि पडदा दाखवला. जोडीदाराच्या जागी फक्त एक आकडा होता. ना नाव, ना गाव.

“छान,” मामा म्हणाला. “सुटला बिचारा. आता जेवूया?”

“चला.” मामीने दिवे मालवले. पंख्याच्या आवाजाकडे कान देऊन ती अंधारात क्षणभर उभी राहिली.

“अहो, पण एक सांगा. आमचं उत्तर जुळलं, म्हणजे ते बरोबरच असेल ना? की आम्ही दोघंही सारखंच चुकलो असू?”