पाटावरची खुकरी

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मला आबा आठवतात. वडील माझे, फौजेतनं निवृत्त झालेले. दर नवमीला कळंब्याच्या घरी ते पाटावर खुरपं, विळा आणि मधोमध आपली खुकरी मांडून हळद-कुंकू वाहायचे. "माझ्या नेपाळी जोडीदारानं दिल्याली हाय," असं प्रत्येक पावण्याला सांगायचे.

सत्त्याण्णव साली मला लष्करी सुऱ्या जमवायचा नवा नाद लागला होता. मोठा शहाणा मी! पावणे बसलेले असताना भिंग काढलं, पात्यावरचा शिक्का बघितला आणि म्हणालो, "आबा, ही फौजेची न्हाय. बाजारातली नकली हाय."

आबांनी पात्यावरचं कुंकू अंगठ्यानं हळूच पुसलं. "असंल बाबा. तुला कळतंय त्यातलं," एवढंच म्हणाले.

पुढच्या नवमीला पाटावर फक्त खुरपं आणि विळा होता. खुकरी कुठं गेली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याच थंडीत आबा गेले. नंतर सगळं घर धुंडाळलं, पण खुकरी सापडली नाही.

जोडीदारानं प्रेमानं दिलेली खुकरी बाजारातली असू शकते, हे मला फार उशिरा सुचलं. आज कपाटात सतरा अस्सल सुऱ्या आहेत. तरी दर रविवारी जुन्या बाजारात मी नकली खुकऱ्याच हातात घेऊन बघत बसतो, एखाद्या मुठीच्या फटीत जुनी हळद दिसते का म्हणून.