दुप्पटरावांचा अंदाज

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे दुप्पटराव म्हणायचे. बैठकीला चार माणसं येणार असली की हे आठ खुर्च्या मांडणार. पूर्वी एकदा मेमरी कमी पडून त्यांचा सर्व्हर भर दुपारी बसला होता. दुधानं तोंड पोळलेलं. तेव्हापासून ताकच काय, पाणीही फुंकून प्यायचे. मी चिडवायचे, ते हसायचे.

प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल आमच्याकडे आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठतो, आणि सोबत कोणी, का बदललं याची दोन ओळींची टीप. जुन्या टिपा बहुतेक मास्तरांच्या. मास्तरांनीच आम्हा दोघांना हे काम शिकवलं. कामाचं लिहिता लिहिता ते घरचंही लिहून जायचे: 'बेरीज दुरुस्त केली. लेक आज सायकलवरून पडली, पण रडली नाही.'

मास्तर निवृत्त झाले, नि वर्षभरात गेलेही. त्यानंतर सगळा साठा नव्या मशीनवर हलवायचं ठरलं. त्याला किती मेमरी लागेल याचा अंदाज दुप्पटरावांनी काढला: ऐंशी जीबी. मशीनमध्ये होती बत्तीस.

"पहिली नऊ वर्षं गाळू या," ते म्हणाले. "जुनं कोण बघतंय?"

मीही मान डोलावली. त्याची लाज अजून वाटते. जुनी डिस्क नियमाप्रमाणे पुसली गेली.

महिन्याभरानं दुसऱ्याच कामासाठी मी त्यांचा हिशेबाचा कागद उघडला. फाइलींचा आकार दुप्पट धरलेला, एका वेळी चालणारी कामं दुप्पट, आणि शेवटी आलेला आकडा पुन्हा दुप्पट. दहाचे ऐंशी! सगळं आरामात मावलं असतं. मी तो कागद त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी दोनदा वाचला.

"मला वाटलं, एकदाच केलं," एवढंच म्हणाले.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मास्तरांची लेक आली.

"काका, बाबा म्हणायचे, तुझं अख्खं लहानपण मी ऑफिसच्या मशीनमध्ये लिहून ठेवलंय. वाचायला मिळेल का?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. दुप्पटरावांनी मात्र काही लपवलं नाही.

"त्यांच्या सगळ्या टिपा माझ्या हातून गेल्या गं. माझा अंदाज चुकला."

ती हळूच म्हणाली, "साधारण किती असतील टिपा?"

"चार हजार एकशे बारा. गाळताना मोजल्या होत्या."

त्यांनी दुप्पट न केलेला, मी ऐकलेला तो पहिला आकडा.