काठावर पास झालेली रायफल

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या तयार होतात, आणि त्या माणसाच्या अंगात घालण्याजोग्या आहेत की नाहीत यावर शेवटची सही पद्माकर सावर्डेकरची असते. बावीस वर्षांत त्याने एकही खोटी सही केलेली नाही. निकषाला जेमतेम उतरलेला माल समोर आला की त्याच्या भुवया वर जात. "काठावर पास म्हणजे नापासच," हे त्याचं ठरलेलं वाक्य. हाताखालचे लोक त्याची नक्कल करायचे ती हेच वाक्य घेऊन. असा नाकासमोर चालणारा, मुंगीलाही वळसा घालून जाणारा गृहस्थ चौपन्नाव्या वर्षी हरणं मारायला निघाला, तेव्हा ओळखीच्या मराठी मंडळींनी काय काय तारे तोडले ते सांगण्यात अर्थ नाही.

कारण होतं डेक्लन, शेजारचा म्हातारा शेतकरी. पद्माकर आणि गिरिजा या गावात नवे होते तेव्हा ऐन बर्फात गिरिजाला कळा सुरू झाल्या, आणि डेक्लनने तिला ट्रॅक्टरवर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवलं. असे उपकार फेडतो म्हटलं तरी फिटत नाहीत. पुढे गुडघे गेले तशा डेक्लनने गाई विकल्या आणि दहा एकरांत ओकची रोपं लावली. लागोपाठ दोन वर्षं हरणांनी त्यांचे शेंडे खुडून खाल्ले. कुंपण घातलं, तर ती उड्या मारून आत.

"तूच मार," डेक्लन म्हणाला. "माझ्याने आता बंदूक धरवत नाही. आणि परक्या माणसाला मी माझ्या रानात बंदूक घेऊन फिरू देणार नाही."

आपण परके नाही, हे या देशात पद्माकरला इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं. तो तिथेच विरघळला.

गिरिजाने दोन दिवस विचार केला. तिच्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे. शेवटी ती म्हणाली, "हे बघ पद्माकर, रोपं वाचवायला मारायचं तर मार. पण एका गोळीत. त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे. जखमी होऊन कुठे तडफडत पडलं, तर ते मला सहन होणार नाही. शब्द दे मला."

त्याने शब्द दिला, आणि तो पाळायचा म्हणजे आधी रायफल नीट निवडायची. सवयीप्रमाणे त्याने तक्ता केला. हरणासाठी इथला कायदा किमान माप घालून देतो: गोळी पंचावन्न ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची तरी हवी, आणि नळीतून सुटताना तिचा जोर सतराशे फूट-पाउंडांच्या खाली नको. यात जेमतेम बसते ती ट्वेंटी-टू टू-फिफ्टी. तिच्या वरची टू-फोर-थ्री. त्याहून दणकट थ्री-ओ-एट.

"टू-फोर-थ्री घे," बंदुकांचा दुकानदार म्हणाला. "छोटीसुद्धा कायद्यात बसते, नाही असं नाही. पण खांद्याचं हाड आडवं आलं तर तिची हलकी गोळी तिथेच फुटते, आत पोचत नाही. आपलं थोडं चुकलं तर सांभाळून घेईल, अशी रायफल हवी."

पद्माकरला हे शंभर टक्के पटलं. बावीस वर्षं तो दुसरं काय सांगत होता?

घोडं अडलं त्याच्या उजव्या खांद्यापाशी. वर्षभर तो आखडलेला होता. नेमबाजीच्या मैदानावर टू-फोर-थ्रीचा पहिला दणका बसला आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या वेळी घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटले, नळी हलली. चार गोळ्या कागदाच्या चार कोपऱ्यांत गेल्या. शेजारच्या बाकावरच्या दोघी बायका सभ्यपणे दुसरीकडे बघू लागल्या. खांदा दुखतोय, सहा महिने थांबतो, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण लाज आडवी आली. त्याने छोटी रायफल मागून घेतली. पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या.

"मोठीने चुकण्यापेक्षा छोटीने नेमकं मारलेलं बरं," दुकानदार खांदे उडवून म्हणाला. "फक्त जनावर आडवं उभं असेल आणि अगदी स्थिर असेल, तरच मार."

तक्त्यात जोराच्या रकान्यात आकडा होता सतराशे सव्वीस. त्यापुढे पद्माकरने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पास'. इथे त्याचा राग यावा की कीव, कळत नाही.

परवाने आले. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला तो डेक्लनच्या रानात पालथा पडून होता. शंभर-एक मीटरवर एक मादी आडवी उभी राहिली, अगदी स्थिर. त्याने श्वास सोडला, घोडा ओढला, आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं. ती पुढच्या पायांवर कोसळली, ओरडली, तीन पायांवर उठली आणि दुसरी गोळी भरेपर्यंत दगडी बांध ओलांडून पलीकडच्या स्प्रूसच्या दाट झाडीत गेली. गवतावर रक्त होतं, त्यात हाडाचे पांढरे कण.

पलीकडची झाडी डब्लिनच्या कोणा मालकाची. पद्माकरला परवानगी होती ती फक्त डेक्लनच्या जमिनीवर.

डेक्लन काठी टेकत आला. "जा की! कोण बघतंय? मालकाला मी सांगतो काय ते."

गावातला दुसरा कोणीही एव्हाना आत पोचला असता. पद्माकर बांधाशी थांबला. दुसऱ्याच्या रानात, न विचारता, भरलेली रायफल घेऊन, आणि तोही आपल्यासारखा दिसणारा माणूस! रायफल ठेवून नुसतं जावं, तर मादी त्याच्या चाहुलीने आणखी पुढे पळणार. डेक्लनकडून नंबर घेऊन त्याने मालकाला फोन लावला. कोणी उचलला नाही. निरोप ठेवला, मेलही केली. आतून काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तो थांबला. अंधार पडेपर्यंत पद्माकर तिथेच उभा होता.

घरी गिरिजा दारातच आली. "काय झालं?"

"लागली नाही," तो म्हणाला.

तिने एकदम त्याचा हात धरला. "बरं झालं रे. सकाळपासून देवाजवळ बसले होते मी. तुझ्या हातून नव्हतंच होणार ते." तिने आलं घालून चहा केला आणि त्याने तो प्यायला.

सोमवारी मालकाची मेल आली: अर्थात जा, हे काय विचारायचं असतं? पद्माकरने रजा टाकली. दोन तास शोधल्यावर ती सापडली, बांधापासून दोनशे पावलांवर. उठायची धडपड करून करून तिने भोवतालचा पाचोळा खालच्या मातीपर्यंत उकरून काढला होता. त्याने हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला. जीव गेला होता, पण अंग अजून गरम होतं. साडेअकरा वाजले होते. शनिवारी सकाळपासूनचे तास मोजायला त्याला तक्ता लागला नाही. तो गुडघ्यांवर बसून रडला. जिचे हाल झाले तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी लिमरिकहून लेकीचा, निहारिकाचा फोन आला. गिरिजा हसत हसत तिला सांगत होती, "अगं, बाबांना नाही जमत असलं काही. चुकला नेम! सुटलं बिचारं." मग तिने फोन त्याच्या हातात दिला.

"आह बाबा, दॅट्स ग्रँड," निहारिका म्हणाली. "आय'म सो ग्लॅड यू मिस्ड."

समोर गिरिजा कौतुकाने बघत होती.

"हो गं," पद्माकर म्हणाला. "मीही."