झोपेखालून गेलेल्या पॅच

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आमच्या रायपूरच्या तेलीबांध्याच्या तलावातल्या जलकुंभीसारखे, म्हणजे जलपर्णीसारखे असतात. सकाळी पाणी मोकळं दिसतं, संध्याकाळी फिरायला जावं तर काठ पुन्हा हिरवा! आमच्या शंकर नगरातल्या वरच्या खोलीत तर इतके साचले आहेत की पाय ठेवायला जागा नाही. मी त्यांत पाणी घालतो, असा आमच्या विभाचा आरोप आहे. घालतो! कोरड्या तळ्यात कधी कमळ पाहिलंय का कोणी?

आधी आमचं काम सांगतो, म्हणजे पुढं अडखळायला नको. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरमधला आचारी. पंगतीत तो कोणालाच दिसत नाही, पण तो नसला तर पंगत नाही. हा आमचा आचारी जगाच्या मालकीचा. कोणीही यावं, म्हणावं, ‘या भाजीत मीठ कमी करा.’ ही झाली पॅच. ती चाखून बघायची म्हणजे रिव्ह्यू, आणि पटली तर पातेल्यात टाकायची म्हणजे मर्ज. एवढ्या मोठ्या पातेल्याचा एक इवलासा कोपरा आमच्या डबीर भाऊंकडे आहे. कोणता? तर झोपेचा! मशीनला झोपवायचं कसं आणि उठवायचं कसं, एवढंच आम्ही बघतो.

आम्ही म्हणजे डबीर भाऊ, विभा, साहूजी आणि मी. डबीर भाऊ मुखिया. विभा कोड लिहिते, तिला मराठीतलं सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते. साहूजी बाहेरून आलेल्या पॅच वाचतात. मी कोडमधल्या टिपा वाचतो आणि चहा सांगतो.

* * *

डबीर भाऊंचा एकच कायदा. झोप झाल्याशिवाय पॅच मर्ज नाही!

दुपारी जेवायचं, पॅच वाचायची, कूलरसमोर चटईवर आडवं व्हायचं. उठल्यावरही ती बरी वाटली तर घ्यायची. “जागेपणी सारंच बरोबर वाटते,” भाऊ म्हणायचे. “चूक असंन तं ती झोपेत टोचते. चटईखालच्या खड्यावानी.”

एकदा बंगळूरहून कुठल्याशा कंपनीतल्या बाबूचा फोन. चौथ्यांदा!

“माझ्या पॅचचं काय झालं?”

“सर, रिव्ह्यू चल रहा है,” विभा म्हणाली.

“कोण करतंय?”

“डबीर सर खुद.”

“मला बोलू द्या त्यांच्याशी.”

विभानं फोन नुसता चटईकडे धरला. भाऊंचं घोरणं असं, की एक श्वास रायपुरात घेतात आणि दुसरा शेजारच्या दुर्गला सोडतात. बाबूनं दोन्ही ऐकले असावेत. हळूच म्हणाला, “चालू द्या, चालू द्या.”

चहाच्या वेळेला भाऊ उठले, चष्मा लावायच्या आधी बोलले, “कुलूप लावलं आहे त्यानं, काढलंच नाही.” बघितलं तर खरंच! कोडमध्ये एक लॉक घेतलेलं, सोडायचं राहिलेलं. मशीन झोपली असती ती कायमचीच.

बाबूनं दुरुस्त करून पाठवलं. खाली आभार मानले होते. डबीर सरांचे नाही, त्यांच्या झोपेचे!

* * *

साहूजींचं दुखणं वेगळं. या माणसाला नाही म्हणता येत नाही. जन्मात ‘हव’, म्हणजे ‘हो’, सोडून दुसरं काही बोलला नाही. आता पॅच नाकारायची कशी?

एका परदेशी पोराची पॅच अगदीच वाया गेलेली होती. इतर देशांत रिव्ह्यूवाले अशा वेळेला एका शब्दात सोलून काढतात. साहूजींनी दोन दिवस विचार केला. आधी तिकडच्या थंडीची चौकशी, मग आईवडिलांची तब्येत, मग पॅचची तारीफ. आणि शेवटी लिहिलं, “इतकी सुंदर वस्तू आम्ही ठेवून घेणं बरं नव्हे. ती आपल्याजवळच राहू द्या.”

त्या पोराचं उत्तर आलं : आभार, पण घेतली की नाही घेतली?

“साहूजी, सीधा ना लिखो ना!” विभा ओरडली.

“अई, कइसे लिखंव बेटी? उसकी माँ की तबियत पूछ ली है अब!”

* * *

एकदा मी आणि भाऊ नव्या रायपूरकडे निघालो होतो. तिकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. इतके रुंद, इतके मोकळे, की आपली स्कूटर चालते आहे की रस्ताच मागे सरकतो आहे, कळत नाही. उन्हाळ्याच्या सकाळची वेळ, दोन्ही बाजूंनी लावलेली झाडं अजून शिकाऊ, आणि लांब क्षितिजावर इमारती अशा, की कोणी स्वप्नात मांडून ठेवल्या आणि उठल्यावर आवरायला विसरला.

चौकात सिग्नल लाल झाला. भाऊ थांबले. चारी बाजूंना माणूस नाही, गाडी नाही.

मी म्हटलं, “भाऊ, कोणीच नाही ना, चला.”

“तो बदलून राहिला ना,” भाऊ सिग्नलकडे बघत म्हणाले. “कोणी नसलं तरी बदलून राहिला. हिरवा, पिवळा, लाल. कोणासाठी? कोणी येईन म्हणून!”

सिग्नल हिरवा झाला. भाऊ बघतच राहिले. पुन्हा लाल झाला. एक वासरू आलं, हिरव्याची वाट पाहिली आणि रस्ता ओलांडून गेलं. विभा म्हणते, वासराची गोष्ट खोटी आहे. मी म्हणतो, मग बाकीची खरी मानलीस ना!

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती मेल आली.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा ऑफिसांत टेबलांच्या आधी कॉम्प्युटर आले होते. ट्रकच्या ट्रक पांढरे डबे! सगळे एकाच जातीचे आणि सगळ्यांना एकच रोग. झोपले की उठत नसत. तेव्हा तरुण असलेल्या डबीर भाऊंनी त्या डब्यांसाठी ड्रायव्हर लिहिला, म्हणजे त्यांना उठवायची विद्या. ती कर्नलमध्ये मर्ज झाली. भाऊंचं पहिलं काम. त्यावरूनच हा कोपरा त्यांच्याकडे आला.

आता आमच्या वरचे साहेब, कुठल्याशा बर्फाळ देशातले, लिहीत होते : हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा आहे, आणि ही मशीन आता कोणी वापरत असेल असं वाटत नाही. पुढच्या आवृत्तीतून काढून टाकू या. कोणी वापरत असेल तर हाक मारा.

विभानं चार दिवस बसून ड्रायव्हर नव्या पद्धतीनं लिहून काढला. साहेबांना पाठवला. साहेब भले माणूस, म्हणाले, घेतो. पण खऱ्या डब्यावर, रोजच्या वापरातल्या, कोणीतरी चालवून दाखवा. तपासणाऱ्याचं नाव पॅचखाली लिहा. नाहीतर जाऊ द्या.

भाऊंनी मेल वाचली. जेवले, चटईवर आडवे झाले, आणि झोपच नाही! दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. कूलर वाहतो आहे, भाऊ छताकडे बघून राहिलेत. आणि कायदा तर कायदा. झोप नाही तर मर्ज नाही! जगभरच्या पॅच आमच्या दारात तुंबल्या. अर्ध्या जगाची झोप शंकर नगरात अडकून पडली होती, मंडळी!

* * *

आम्ही डबा शोधायला निघालो. भंगारवाले झाले, रिपेअरवाले झाले. डब्यांचे सांगाडे सापडले, जिवंत एक नाही.

मग साहूजींचा गावाहून फोन. “मिल गे! मिल गे!”

“चालू आहे?” मी विचारलं.

“वापरात आहे,” साहूजी जपून म्हणाले.

“कोण वापरतं?”

साहूजी खाकरले. मग, “कुकरी.” म्हणजे कोंबडी! साहूजींच्या घरी डब्याचं झाकण काढून त्यात पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, भरला होता, आणि ती बाई आत अंड्यांवर बसली होती.

“भैया, बड़े साहब से पूछ के देखव ना. यूजर तो हे!”

मी भाऊंना सांगितलं. आठवड्यात पहिल्यांदा ते थोडे हसले. “वीज जोडली तं ती उठून जाईन बावा. बसू द्या बिचारीले.”

* * *

आणि मग विभा एक दिवस जिन्यातूनच ओरडत आली. “मिल गया! आत्या के घर में है! मैं बचपन से देख रही हूँ, कभी ध्यान ही नहीं गया!”

चौबे कॉलोनीत विभाची कमल आत्या राहते. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर, आवाज अजून फलाटावरचा. हॉलमध्ये टेबलावर क्रोशाचं आवरण, आणि त्याखाली पांढरा डबा. जिवंत! आत्याच्या यजमानांनी ऑफिसातून निघालेला तो डबा घरी आणला होता. दुपारी जेवण झालं की आत्या बटन दाबते, डबा झोपतो. चार वाजता आपोआप उठतो आणि बासरी वाजवतो. मग आत्या उठते.

“यायनंच लावून देलं होतं,” आत्या म्हणाली. “ते गेले. डबा उठते रोज. तुम्ही बिघडवला तं मले उठवाले तुमालेच या लागन रोज, सांगून ठेवते!”

विभानं आपला नवा ड्रायव्हर घातलेला कर्नल त्यात टाकला. चारचा गजर लावला. भाऊंनी स्वतः बटन दाबलं. डबा झोपला. आता चार वाजता बासरी वाजली तर ड्रायव्हर राहील, नाही तर भाऊंचं पहिलं काम गेलं.

तेवढ्यात आत्यानं वडाभात वाढला. वर कढी. नाही म्हणायची सोय नाही, आणि साहूजी तर ‘हव’ म्हणतच राहिले. जेवून आम्ही डब्यासमोर ओळीनं बसलो. बाहेर ऊन पांढरंफटक, आत खसचा वास, कूलरचं पाणी टपटपतंय. आधी साहूजींची मान कलली. मग विभा भिंतीला टेकली. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटत होते. किती दिवसांनी! एक श्वास रायपुरात, दुसरा दुर्गला. त्या आवाजात हॉल, डबा, क्रोशाची फुलं, सगळं पाण्यावर तरंगायला लागलं आणि मीही त्यांच्याबरोबर निघालो.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. पाच होऊन गेले होते. डब्याचा पडदा काळा. गप्प.

“नहीं उठा,” विभा म्हणाली.

भाऊ डब्याकडे बघत राहिले. मग लॅपटॉप मांडीवर घेतला आणि साहेबांना लिहायला बसले : काढून टाका, हरकत नाही.

पाठवणार, एवढ्यात आत्या चहाचा ट्रे घेऊन आली.

“कावून तोंडं उतरली?”

“बासरी नाही वाजली ना, आत्याबाई,” भाऊ म्हणाले.

“वाजली ना! बरोबर चारले! तुम्ही सारे असे निजून राहिले होते, हा साहू तं तोंड उघडं टाकून. म्हटलं, कावून उठवा लेकरायले. मंग त्याचंच बटन दाबलं. म्हटलं, झोप बापा, तू बी झोप घडीभर.”

विभानं हात पुसला आणि एक की दाबली. डब्यातून बासरी आली.

भाऊंनी लिहिलेलं सगळं खोडलं आणि लॅपटॉप विभाकडे दिला. “तपासणारे म्हणून भाऊंचंच नाव लिही, विभा,” मी म्हटलं.

“छे,” भाऊ म्हणाले. “आपण कोणी पायलं नाही. जिनं पायलं तिचं.”

आत्या ट्रे ठेवून टाइप होणाऱ्या अक्षरांवर वाकली. “पुरं लिहिजो पोरी. कमल वसंत देशकर. मधातलं नाव गाळू नोको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकर नगरात साहेबांचं उत्तर आलं. मर्ज झालं होतं. खाली एक ओळ : या कमल वसंत देशकर कोण? कोणत्या टीममध्ये आहेत?

विभा विचारायला वळली, तर भाऊ पुन्हा चटईवर आडवे. तिनं आपल्या मनानंच लिहून टाकलं :

“त्या जाग्या होत्या, सर. बाकी आम्ही सगळे रिव्ह्यू करत होतो.”