नावेवर कोणाचं नाव

कयाक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट कोणाच्या लक्षातच राहिली नाही.

आम्ही जर्मनीत, र्युसेल्सहाइमला राहतो. नवरा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मी गाड्यांच्या बंपरमध्ये. म्हणजे प्लॅस्टिकच्या बंपरवर रंग, पट्ट्या, अक्षरं कशी चिकटतात आणि का सुटतात, हे बघणं माझं काम. पुण्यात इंजिनिअरिंग झाल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. नदी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, तरी कित्येक वर्षं मी तिच्याकडे नुसती पुलावरून बघत होते. चाळिशी उलटल्यावर कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी नाव, चालवायला शिकले आणि एका निवृत्त शिक्षिकेकडून तिची जुनी लाल कयाक विकत घेतली. नवऱ्याला पाण्याची भीती वाटते. तो काठावर थर्मास घेऊन बसतो.

एका रविवारी नदीवरच्या पोलिसांनी मला थांबवलं. वल्ह्याच्या नावेला इथे नंबर लागत नाही, पण बाहेरून नावेचं नाव आणि आत मालकाचं नाव-पत्ता हवाच. माझ्या नावेवर काहीच नव्हतं. तो पोलीस सभ्यपणे म्हणाला, पुढच्या वेळी लावून या. मी घरी येऊन स्टिकर मागवले. बाहेरच्यासाठी माझ्या आजोळच्या नदीचं नाव, आतल्यासाठी माझं. लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही. आमच्या दाराच्या बेलवरही दोन आडनावं आहेत.

त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे आले होते. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटे पडले, म्हणून नवऱ्याने त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, हातात काही नसलं की अस्वस्थ व्हायचा. खिडकीशी उभे राहायचे, बसचं टाइमटेबल वाचायचे. त्यांना काहीतरी काम द्यायचं म्हणून नवरा कधी सायकलचे ब्रेक पुढे करायचा, कधी कपाटाचं बिजागर. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

स्टिकर आले त्या आठवड्यात ऑफिसमध्ये गडबड होती. मी ते केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कयाकशेजारच्या फळीवर ठेवले आणि घरात सांगितलं की शनिवारी लावणार. अशी कयाक ज्या प्लॅस्टिकची असते त्यावर साधा स्टिकर टिकत नाही. आधी स्पिरिटने पुसायचं, मग गॅसच्या छोट्या टॉर्चची ज्योत त्यावरून झरकन फिरवायची, प्लॅस्टिक कोमट असतानाच स्टिकर लावून रोलरने दाबायचा आणि एक दिवस पाण्यापासून लांब ठेवायचा. टॉर्च आणि रोलर मी आणून ठेवले होते.

शुक्रवारी कामावरून आले तर दोघं केलरमधून वर येत होते, हात पुसत. नवरा म्हणाला, "तुझं काम करून टाकलं."

मी खाली जाऊन बघितलं. माझे स्टिकर फळीवर तसेच होते. कयाकच्या दोन्ही बाजूंना मोठ्या पांढऱ्या अक्षरांत सासरचं आडनाव होतं. आत, बसायच्या जागेमागे, नवऱ्याचं पूर्ण नाव, मध्ये वडिलांचं नाव आणि खाली आमचा पत्ता. नवऱ्याने ते ऑफिसजवळच्या दुकानातून छापून आणलं होतं. लावताना साबणाचं पाणी वापरलं होतं आणि कडा सुटू नयेत म्हणून सासऱ्यांनी सगळीकडून सुपरग्लू फिरवला होता. लाल प्लॅस्टिकवर त्याचे पांढुरके डाग पडले होते.

मी वर आले. सासऱ्यांसमोर मी नवऱ्याला अरे-तुरे करायचं टाळते, त्यामुळे सरळ पोळ्या करायला घेतल्या. जेवताना एवढंच म्हणाले, की बाबा, हे टिकायचं नाही, पाण्यात सुटेल. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मुलाला म्हणाले, "तिला सांग, मी सरकारी जीपांवर पाट्या लावल्यात. वीस-वीस वर्षं हलल्या नाहीत."

झोपायच्या खोलीत मी नवऱ्याला विचारलं, माझे स्टिकर का नाही लावले? त्याचं म्हणणं, त्या नदीचं नाव इथे कोणाला कळणार. आडनाव कसं, सरळ. आणि आत तुझं नाव का, मी विचारलं. तो म्हणाला, पोलिसांनी पत्र पाठवलं तर घरची कागदपत्रं मीच बघतो ना, गेनाऊ, अगदी म्हणूनच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा किती खूश होते बघितलंस का? जाऊ दे ना."

मी जाऊ दिलं. त्या माणसाची बायको गेलेली, परक्या गावात तो खिडकीशी उभा राहतो, हे सगळं मनात आलं आणि मी दिवा घालवला. पण झोप लागली नाही.

रविवारी तिघंही नदीवर गेलो. सासऱ्यांना फोटो काढायचा होता. मी कयाक पाण्यात सोडली, बसले आणि धक्क्यापासून थोडी लांब गेले. वळून येईपर्यंत डाव्या बाजूचं आडनाव अर्धं सुटून पाण्यात फडफडत होतं. उजव्या बाजूचं कुठे गेलं ते कळलंच नाही. धक्क्यावर दोन-तीन कुटुंबं डबे उघडून बसली होती, ती बघत होती. सासरे म्हणाले, इथल्या मालात काही दम नाही. आणि नवरा हसत मला म्हणाला, "तू तर ऑफिसमध्ये हेच करतेस. तुला आधी कळायला हवं होतं."

मी कयाकमधून उतरले. पायात बूट नव्हते, कपडे गुडघ्यापर्यंत ओले. सासऱ्यांसमोर मी त्याला पहिल्यांदाच मोठ्याने अरे म्हटलं.

"अरे, मला आधी कळलं होतं. शुक्रवारी मी ते याच तोंडाने सांगितलं. तुम्ही दोघांनी ऐकलं नाहीत. ही नाव माझी आहे आणि तिच्यावर माझंच नाव लागणार. तुम्ही दोघांनी तिला परत हात लावायचा नाही."

शेजारच्या बाईने आपल्या मुलांना उगाचच पाणी प्यायला लावलं. नवऱ्याने इकडेतिकडे बघितलं. सासरे बाकावर जाऊन बसले. घरी आल्यावर नवऱ्याने मला सुनावलं की तू बाबांचा चारचौघांत अपमान केलास. माझा कोणी केला, असं मी विचारलं, तर तो फोन चार्जिंगला लावायला निघून गेला.

पुढच्या शनिवारी मी कयाक होफमध्ये, इमारतीमागच्या अंगणात, काढून दोन स्टुलांवर पालथी घातली. सुपरग्लू खरवडून काढताना प्लॅस्टिकवर ओरखडे उठले, ते अजून आहेत. नवरा मदतीला आला, त्याला मी परत पाठवलं. थोड्या वेळाने सासरे खुर्ची घेऊन खाली आले आणि लांब बसले. मी ज्योत फिरवली तेव्हा त्यांनी विचारलं, आग कशाला? पहिल्यांदा त्यांनी थेट मला काही विचारलं होतं. ऑफिसात नव्या मुलांना सांगते तसं मी सांगितलं, की याने वरचा थर बदलतो आणि मग तो गोंद धरतो. त्यांनी मान हलवली. वर, ज्योत एका जागी का थांबवत नाही, हेही विचारलं. मला जरा बरं वाटलं, खोटं का बोलू.

संध्याकाळी ते बैठकीच्या खोलीत त्यांच्या बहिणीशी, म्हणजे पुण्याच्या आत्यांशी, फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. ते तिला सांगत होते की प्लॅस्टिकला काही चिकटत नाही, त्याला आधी ज्योत द्यावी लागते. "आमच्या चिरंजीवांनी आज स्वतः केलं," ते म्हणाले. "छान लागलंय."

मी सुरी ठेवली आणि बाहेर आले. "बाबा, ते मी केलं. आत्यांना सांगा."

त्यांनी फोन थोडा खाली घेतला, परत वर नेला. "सूनबाई म्हणते, तिने केलं."

त्या 'म्हणते'ने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती धक्क्यावरही गेली नव्हती. मी ओरडले नाही. तिथेच उभी राहिले. नवरा सोफ्यावर होता, त्याने मान वर केली नाही. "बाबा," मी म्हणाले, "तुम्ही समोर बसून बघितलंत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पलीकडून आत्यांचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. मग ते फोनमध्ये म्हणाले, "हो, तिनेच केलं. मी बघितलं." आणि लगेच आत्यांच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली.

ते परत जाईपर्यंत आम्ही नीट बोललो, पण कयाकचा विषय काढला नाही. आता ते फोन करतात तेव्हा मला विचारतात, नदीला पाणी किती आहे? मी सांगते. त्यांच्यावरचा राग केव्हाच गेला. नवऱ्यावरचा नाही गेला. तो त्या संध्याकाळी सोफ्यावर बसून होता, त्याला सगळं माहीत होतं आणि त्याने एक शब्द काढला नाही. विचारलं तर म्हणतो, एवढं काय त्यात, एक स्टिकर तर होता.