पेनिसिलीनची दुसरी सुई

सुई काढून मी कापूस दाबत होतो, तेवढ्यात सखूबाई म्हणाली, "डॉक्टर, जीभ जड होऊन राह्यली. अंगाले खाज सुटली."

मी कापूस टाकून तिची नाडी धरली.

एकोणीसशे साठचं दशक होतं. पांढरकवड्याकडच्या एका लहान दवाखान्यात मी एकटा डॉक्टर आणि हाताखाली एक सिस्टर. सखूबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. तिला न्यूमोनिया झाला होता, म्हणून नवरा मारोती बैलबंडीत घालून घेऊन आला. तेव्हा न्यूमोनियावर आमचा सगळा भरवसा पेनिसिलीनवर. हे औषध जंतूला त्याच्याभोवतीची भिंत धड बांधू देत नाही, मग जंतू फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो. पण एखाद्याचं शरीर औषधालाच वैरी समजतं. पहिल्या सुईला ओळख धरतं आणि पुढच्या सुईला उसळतं.

सुईआधी मी मारोतीला विचारलं होतं, "हिनं अशी सुई आधी घेतली होती?"

"गेल्या साली, गळू झालतं तवा."

"काही त्रास?"

"काई नाई जी. गळू बसलं."

खरं तर थेंबभर औषध कातडीत टोचून, तिथे गाठ उठते का ते बघायला पंधरा-वीस मिनिटं थांबायला हवं होतं; हीच टेस्ट. बाहेर रांग होती. एकदा पचलेलं औषध आता काय करणार, असं मी म्हटलं. काय ती अक्कल माझी!

सखूबाईचे ओठ सुजले. श्वास घुसमटला. नाडी लागेना.

"सिस्टर, अ‍ॅड्रिनलीन!"

एक दिलं, दुसरं दिलं. ऑक्सिजन आमच्याकडे नव्हताच. दहा मिनिटांत ती गेली.

मारोती तिचा हात धरून बसला होता. मी त्याच्याजवळ बसून विचारलं, "भाऊ, मागच्या सुईनंतर अंगावर काही उठलं होतं का?"

"उठलं नाई जी. आठ दिसानं माता आलती. सारं अंग लाल झालतं. लिंबाचा पाला ठेवला, दहीभात ठेवला, गेली निंघून." अंगभर पुरळ उठलं की तिकडे 'माता आली', म्हणजे देवी आली, म्हणत; हे पुरळ मात्र पेनिसिलीनचंच होतं.

"अरे, मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुमी तरास इचारला जी. मातेले तरास कसा म्हनू?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण कोणत्या तोंडानं? प्रश्न माझा चुकला होता, आणि टेस्टही मीच चुकवली होती. ही बाई माझ्या हातानं गेली, हे मी आजही म्हणतो.

त्यानंतर टेस्ट कधी सोडली नाही. शिवाय प्रत्येकाला विचारायचो, "सुई घेतल्यावर माता आली होती का?" सिस्टर आधी हसली. महिनाभरात दोघांनी हो म्हटलं. त्यांना मी दुसरं औषध दिलं. दोघंही आपल्या पायांनी घरी गेले.